स्वेटर न लागणाऱ्या गावात

आमच्या घरात थंडी आल्याचं सगळ्यांत आधी कळतं ते खोबरेल तेलाच्या बाटलीला. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं. एखाद्या सकाळी बाटली उपडी धरून कितीही दाबली तरी थेंब पडत नाही, मग ती अंघोळीच्या गरम पाण्यात सोडावी लागते, आणि सासूबाई आतून घोषणा करतात, "आली गं बाई थंडी!" वेधशाळेचं काय ते नंतर.

नवी मुंबईत थंडी पडते म्हटलं की पुण्याचे नातेवाईक हसतात. नाशिकचे तर ऐकूनच घेत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. तिकडे निफाडला पारा इतका घसरतो की द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. आमच्याकडे नेरूळला किमान तापमान 16 वर आलं की पाम बीच रोडवर फिरायला निघालेले काका माकडटोपी चढवतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर चहाच्या कपांचे फोटो पडायला लागतात. अगदीच कोणी खिजवलं तर आम्ही सांताक्रूझचा आकडा काढतो: 22 जानेवारी 1962, किमान तापमान 7.4 अंश. आमच्यापैकी निम्म्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, पण सांगतो असं की मफलर गुंडाळून तिथे आम्हीच उभे होतो.

थंडी न पडण्याला कारण समुद्र. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाला ते ना धड भाजू देत ना धड गारठू देत. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. परीक्षेत नेहमी उलटसुलट व्हायचे. आता डिसेंबर-जानेवारीत गॅलरीत उभं राहिलं की पुस्तक न उघडता कळतात. हिमालयात बर्फ पडून गेलं की मागून उत्तरेचा कोरडा वारा खाली उतरतो, सकाळी मतलई वाऱ्याला त्याची जोड मिळते आणि कानाच्या पाळ्या गार पडतात. दुपारी खारा वारा सुटला की संपलं. बारा वाजता स्वेटर घातलेला माणूस नेरूळ स्टेशनवर दिसला तर तो बाहेरगावचा समजावा, नाहीतर तापाचा.

म्हणजे इथे उबेची गरज तशी नाहीच. तरी या दोन-अडीच महिन्यांत आमच्या घरात आणि ठाण्याला आईच्या घरात जेवढं विणलं जातं, भाजलं जातं, वळलं जातं, तेवढं उरलेल्या वर्षात होत नाही. हे असं का, याचा मी बराच विचार केलाय. हवेचं कारण आहे, ते पुढे सांगते. पण दुसरंही एक आहे. माणसाचे हात कशाततरी अडकले की तो उठून जाऊ शकत नाही. आणि उठून जाता येत नाही म्हटल्यावर, फोनही धरता येत नाही म्हटल्यावर, तो बोलायला लागतो.

समुद्रकिनारी राहतो असं सांगताना माझी जीभ मात्र जरा अडखळते. आमच्या वाट्याला आलेली आहे ती खाडी. वाळू नाही, लाटा नाहीत, नारळाची झाडं असली तर कोणाच्यातरी बंगल्यात. तिवरांची झुडपं, पोटरीपर्यंत पाय जाईल असा चिखल, आणि ओहोटीला येणारा तो वास. पाहुण्यांना तो घाण वाटतो. इथे वाढलेली माणसं त्यावरून पाणी किती उतरलंय ते सांगतात. सासूबाई त्यांतल्या. त्यांचं माहेर उरणकडचं. लग्न होऊन त्या इकडे आल्या तेव्हा हे शहर वसतच होतं. शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 ची, वाशीचा पहिला खाडीपूल 1973 चा, आणि लोकल वाशीला पोचली थेट 1992 मध्ये. तोवर जायचं तर एसटीने नाहीतर कोणाच्या होडीतून, आणि होडी म्हटली की भरतीचं गणित आलंच.

ते गणित त्या अजून करतात. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. षष्ठीला साडेचार. अष्टमीला सहा, पण ती भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला अजून थोडा वेळ धरायचा. लेकीच्या मोबाइलमध्ये भरतीचं ॲप आहे. दोघींच्या वेळा ताडून बघायचा त्यांचा खेळ चालतो आणि फरक पडला तर सासूबाई शांतपणे म्हणतात, "तुझ्या फोनला तिथी कुठे कळते?"

हे सगळं कशासाठी, तर रोहित बघायला. फ्लेमिंगो म्हणतात सगळे, सासूबाईही आता फ्लेमिंगोच म्हणतात. नोव्हेंबर-डिसेंबरपासून ते ठाणे खाडीत यायला लागतात आणि उन्हाळा भरात येईपर्यंत राहतात. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडला की तिथे चरतात. भरतीने चिखल बुडाला की उभं राहायला जागा उरत नाही, मग थव्याथव्याने उडून आतल्या उथळ पाणथळींवर येतात. नेरूळचं डीपीएस शाळेजवळचं तळं, म्हणजे डीपीएस तळं, त्यांपैकीच एक. म्हणजे पक्षी जवळून बघायचे असतील तर भरती हवी, आणि भरती हवी तर तिथी हवी. षष्ठी-सप्तमीची संध्याकाळ आम्हाला सोयीची पडते. ऊन तिरकं, पाणी भरत आलेलं. सासूबाई घडीची खुर्ची घेऊन बसतात आणि आधी येतो तो आवाज. शंभर माणसं एकदम कुजबुजल्यागत गुणगुण.

लहान रोहितची चोच गडद, जवळजवळ काळपट लाल. मोठ्याची गुलाबी, टोक तेवढं काळं. पिसांचा रंग खाण्यातून येतो, शेवाळातल्या रंगद्रव्यांतून. चोच उलटी पाण्यात बुडवून, डोकं पायांशी नेऊन ते चिखलपाणी गाळत बसतात आणि तासभर मान वर करत नाहीत. अशा एका संध्याकाळी सासूबाईंनी मला त्यांच्या पहिल्या बाळाबद्दल सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या आधीचं, जगलं नव्हतं ते. इतकी वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं, नवऱ्यालाही अर्धवटच माहीत. नजर पाण्यावर होती, हातात दुर्बीण होती. स्वयंपाकघरात समोरासमोर उभं राहून त्यांनी ते कधी सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

ठाणे खाडीचा हा भाग 2015 मध्ये रोहित अभयारण्य झाला, 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीची फेरीही असते, ती जरूर करावी. पण तळ्यांचं भाग्य कागदावर ठरत नाही. डीपीएस तळ्यात खाडीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्या आणि 2024 च्या उन्हाळ्यात इथे रोहित मरून पडले. पाणी आत आलं तर पक्षी येणार. इतकं साधं आहे, आणि तेच कोणाला तरी पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आता हवेचं कारण. किनाऱ्यावर राहणाऱ्या बाईचा खरा शत्रू म्हणजे दमटपणा. पावसाळ्यात बिस्किटं सादळतात, पापड सादळतात, चकल्या तर डब्यात घालेपर्यंत मऊ. मीठ बरणीतून चमच्याने खणून काढावं लागतं. हिवाळ्यात मात्र उत्तरेचा वारा ओल शोषून नेतो आणि डबा उघडाच राहिला तरी खारी खारीच राहते. शिवाय तूप. नानकटाईला तूप थिजलेलं, रवाळ हवं. मे महिन्यात ते फ्रीजमधून काढून परातीत घेईपर्यंत पातळ होतं. जानेवारीत ओट्यावरच्या बरणीतलं तूप आपणहून घट्ट बसलेलं असतं. म्हणून आमच्याकडे ओव्हन खऱ्या अर्थाने चालतो तो या दिवसांत.

लहानपणी ठाण्याला घरात ओव्हन नव्हताच. नौपाड्यातल्या आमच्या चाळीतून मैदा, तूप, पिठीसाखर, वेलची असं सगळं मोजून पिशवीत भरून बेकरीत न्यायचं. तिथे ते मळून, वळून, पत्र्यांवर मांडून लाकडाच्या भट्टीत लांब दांड्याच्या फळीने आत सरकवायचे. मजुरी किलोवर. आपल्याच तुपाची नानकटाई आपल्याला परत मिळते की नाही यावर लक्ष ठेवायला घरातलं एक पोर बाकावर बसवलेलं असायचं, आणि ते पोर बहुतेक वेळा मी. आईचा बेकरीवाल्यावर विश्वास होता, पण तुपाच्या बाबतीत ती देवावरही विश्वास ठेवत नसे. बाकावर शेजारी इतर घरांतली पोरं, त्यांच्या मावश्या, एखादे आजोबा. कोणाचं लग्न ठरतंय, कोण गिरणीतून घरी बसलं, कोणाच्या घरी रात्री भांडण झालं, सगळं त्या बाकावर कळायचं. पत्रा बाहेर आला की गरम नानकटाया हातात घेऊ देत नसत. गरम असताना ती मऊ असते, बोट लावलं की खचते; निवल्यावरच खुसखुशीत होते.

त्या भट्ट्या आता चालल्या. लाकूड आणि कोळशावरच्या मुंबईतल्या बेकऱ्यांनी गॅस किंवा विजेवर यावं, असा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये दिला. यावर हळहळ व्यक्त करणारे लेख मी वाचले, मला तितकं हळहळता आलं नाही. हिवाळ्यात वारा पडतो, वरची हवा उबदार आणि खालची गार असा उलटा थर बसतो, आणि धूर जमिनीलगत कोंडून राहतो. आमची लेक लहान असताना डिसेंबर आला की नेब्युलायझर कपाटातून बाहेर यायचा. भट्टीचा वास कितीही प्रिय असला तरी फुप्फुसं जास्त प्रिय. बाक गेला त्याचं मात्र वाईट वाटतं.

घरी मी नानकटाई करते ती अशी. वाटीभर थिजलं तूप परातीत घेऊन तळहाताच्या मागच्या उंचवट्याने फेसायचं. सुरुवातीला ते नुसतं घसरतं, कणी हाताला लागते. मग हळूहळू कणी जाते, पिवळा रंग उतरतो, पांढरं व्हायला लागतं आणि परातीला धरून न राहता हाताबरोबर उचलून येतं. त्यात वाटीभर पिठीसाखर, पुन्हा फेसणं. मग दीड वाटी मैदा, पाऊण वाटी बेसन, दोन चमचे रवा, वेलची, किंचित खायचा सोडा. इथून पुढे मळायचं नाही, फक्त गोळा करायचं. मैद्याच्या प्रत्येक कणाला तूप गुंडाळलं गेलं की पीठ चिवट होत नाही. मळत बसलात तर नानकटाईची पुरी होते. 160 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. वर भेगा पडल्या आणि कडा बदामी झाल्या की बंद.

तूप फेसायचं काम लेकीचं. मनगट दुखतं म्हणून कुरकुरते, पण करते. गेल्या डिसेंबरात तूप पांढरं होईपर्यंत ती गप्प होती आणि साखर पडल्यावर परातीकडेच बघत म्हणाली, "आई, मला इंजिनिअरिंग नको आहे." माझे हात मैद्याने भरलेले, तिचे तुपाने. दोघींपैकी कोणालाही तरातरा निघून जाता येईना. नवरा दारात आला, परिस्थिती बघून परत गेला, शहाणा माणूस. बॅच ओव्हनमध्ये गेली, पंधरा मिनिटं आम्ही काचेतून भेगा पडताना बघत बसलो आणि तेवढ्यात तिला काय नको याऐवजी काय हवंय तेही बाहेर आलं. ते काय, हे ती स्वतः सांगेल तेव्हा सांगेल.

शेजारच्या काकू मूळच्या ठाण्याच्या, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या ख्रिस्ती समाजातल्या. घरी बोलतात मराठी, आमच्याहून जुनी आणि ठसकेबाज. नाताळच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्याकडे कुलकुल करायला अख्खा मजला जमतो. मैदा, नारळाचं दूध, अंडं घालून मळलेल्या पिठाची सुपारीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि गुंडाळत आणायची, की काट्याच्या रेषा उमटलेली वळी तयार. काटे पुरत नाहीत तेव्हा नवीन कोरे कंगवे निघतात. हे तळणीचं काम आहे, भाजायचं नाही, पण वळायलाच संध्याकाळ जाते. दिवाळीत आमच्या करंज्यांना काकू हजर असतात, नाताळात त्यांच्या नेवऱ्यांना आम्ही. दोन्हींतलं सारण जवळपास तेच, भांडण फक्त खसखस किती यावर. 25 डिसेंबर 2025 ला नव्या विमानतळावरून पहिली विमानं उडाली तेव्हा आम्ही सगळ्या काकूंकडे कुलकुल खात होतो. सगळ्यांनी गॅलरीत धाव घेतली, आवाजावरून तक्रारी झाल्या, आणि काकू म्हणाल्या, "आता माझा पोरगा येईल तो थेट घराच्या डोक्यावरून येईल." मुलगा परदेशात असतो. दरवर्षी डबा भरून ठेवतात, दरवर्षी कोणी ना कोणी जाणाऱ्याच्या हाती पाठवतात.

आईकडचं खातं लोकरीचं. तिने आयुष्यात कधी नवी मुंबईच्या किंवा ठाण्याच्या हवेकडे बघून विणलं नाही. ती माणसाकडे बघून विणते. घरात कोणी उभं दिसलं की पाठीला अर्धवट झालेला तुकडा लावून बघते, मग तो कुरिअरवाला का असेना. पट्टीला 11 नंबरच्या सुया, अंगाला 9 नंबरच्या. विणताना ओठ हलतात, कारण टाके मोजणं चालू असतं, आणि मध्ये काही विचारलं की एकच उत्तर, "थांब, ओळ संपू दे." लहानपणी या वाक्याचा इतका राग यायचा. आज कळतं की ओळ संपल्यावर ती पूर्ण आपली असते, अर्ध्या कानाने ऐकणारी नसते.

या हिवाळ्यात भाचीला दिवस गेलेले, जानेवारीतली तारीख. बाळंतविडा करायचा आईचा हट्ट. विकतचा मिळतो, खोक्यात, रिबीन लावलेला. आईने तो दुकानात हातात घेऊन उलटून बघितला आणि शिवण बघून परत ठेवला. मग सुरू झालं. टोपडी, पायमोजे, हातमोजे, दोन स्वेटर. टोपड्याला क्रोशा: साखळी घालून वेढा बांधायचा, मग मुका खांब, मग खांब वाढवत जायचे. आतून तिने जुन्या मलमलीचं अस्तर लावलं, कारण लोकर कितीही मऊ असली तरी नव्या टाळूला टोचते. दुपटी आजीच्या सुती नऊवारीची. इतक्या वर्षांच्या धुण्याने तिला जो मऊपणा आला होता तो कुठल्याही दुकानात विकत मिळणार नाही. नऊवारीचा काठ तिने उसवून बाजूला ठेवला, तो कशाला लावणार विचारलं तर म्हणाली, "बघू, मुलगी झाली तर परकराला." मुलगा झाला तर काय, ते तिने सांगितलं नाही. डिंकाचे लाडू माझ्याकडे. डिंक तुपात थोडा थोडाच सोडायचा, एकदम घातला की वरून फुलतो, आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. खारीक, गोडंबी, खसखस, सुकं खोबरं. अहळिवाचे लाडू बाळ झाल्यावर, ताजे.

बाळाची बातमी घरात सगळ्यांत आधी कळली होती ती आईलाच. लोकरीची लडी सोडवून गुंडा करायचा असला की समोर कोणीतरी दोन्ही हात पसरून बसावं लागतं. त्या दिवशी भाची सापडली. लडी तिच्या मनगटांवर, आई गुंडाळते आहे, भाची डावा-उजवा हात हलवून दोरा सोडते आहे. अर्धी लडी झाली तेव्हा ती म्हणाली, "आजी, अजून कोणाला सांगू नकोस." आईने गुंडाळणं थांबवलं नाही. फक्त विचारलं, "कितवा?" आणि दुसऱ्या दिवशी पिवळी लोकर आणायला बाहेर पडली. पिवळी, कारण ती कोणालाही चालते.

आईला एकदा मी बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात नेलं होतं, कोलंबी घ्यायला. कोलंबी राहिली बाजूला. धक्क्याजवळ एक म्हातारे कोळीबाबा जाळं सांधत बसले होते, पायाच्या अंगठ्यात जाळ्याचं टोक अडकवून, ताणून, फाटक्या भागात नव्या दोऱ्याचे डोळे भरत. आई तिथेच उभी राहिली. मग बसली. डोळा केवढा ठेवायचा ते कसं ठरतं, असं तिने विचारलं. बोटांवर, ते म्हणाले, मासा बघून. लहान मासा सुटून जायला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी काय धरणार? गाठ कशी मारता, दोरा संपला की जोड कुठे देता, टाका गळला तर? ते म्हणाले, जाळ्यात टाका गळत नाही, प्रत्येक डोळ्याला आपली गाठ असते. आईला हे फार आवडलं; तिच्या विणकामात एक टाका निसटला की खालपर्यंत उसवत जातो. पूर्वी जाळी सुती आणि तागाची असायची, कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचे, असंही त्यांनी सांगितलं. नायलॉन आल्यावर ते गेलं. मग पाण्यावर आले, कारखान्यांवर आले, मुलगा आता कंपनीत जातो त्यावर आले. अंगठा जाळ्यातच होता. निघताना आईने त्यांना नमस्कार केला, आणि गाडीत बसल्यावर म्हणाली, "नीट गाठ मारणारा माणूस आहे." तिच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मी ऐकलेलं नाही.

हिवाळ्यातला सगळ्यांत मोठा बेत पोपटीचा. जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत लोकल सुरू झाली तेव्हापासून सासूबाईंचं माहेर आमच्या हाकेवर आलं. नेरूळला बसायचं, उलवे मागे टाकायचं, कंटेनरच्या रांगा, मध्ये उरलीसुरली मिठागरं आणि पाणथळ, मग उरण. मामांचं शेत आता एवढंसंच राहिलंय. बांधावर भांबुर्डा उगवतो. उग्र वासाचा पाला, एरवी कोणी ढुंकून बघत नाही, पण थंडीत त्याच्यावाचून पोपटी होत नाही. मडक्याच्या तळाला भांबुर्डा, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडं मीठ, मध्ये मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी भांबुर्डा गच्च कोंबायचा. पाणी थेंबभरही नाही. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावाच वाफ होतो. मडकं उपडं ठेवून भोवती लाकडं, गोवऱ्या, पेंढा रचायचा आणि पेटवायचं. माझ्या लेकीच्या ओव्हनला तापमानाची चकती आहे, इथे मामा मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारतात आणि चर्र आवाज ऐकून सांगतात, "अजून राहूदे."

ते अर्धापाऊण तास सगळे जाळाभोवती. उठायला कारण नसतं, उठलं तर पाठ गार पडते. इथे मात्र ती थंडी खरी असते, उघड्यावरची. आणि मामा दरवर्षी जासईचं सांगतात. सिडकोच्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या पुढारपणाखाली उभं राहिलेलं आंदोलन, 16 आणि 17 जानेवारी 1984 चा गोळीबार, पाच हुतात्मे. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व आलं. माझ्या नवऱ्याला हे पाठ आहे, लेकीला सनावळीसकट माहीत आहे. पण मामा दरवर्षी एखादा नवा तपशील काढतात; कोणाच्या घरातून भाकऱ्या गेल्या होत्या, कोण कोणाला उचलून आणत होतं. मी ज्या इमारतीत राहते तिच्याखाली कोणाचं तरी असंच शेत होतं, हे त्या जाळाशी बसल्यावर विसरता येत नाही. मामा ते टोचून सांगत नाहीत. शेंगा सोलून पहिल्या माझ्याच पानात टाकतात.

मडकं फोडत नाहीत, उपडं करून पाला ओढून काढतात. वाफेला भांबुर्ड्याचा आणि ओव्याचा वास. शेंग दातांनी ओढायची, दाणे तोंडात, साल बाजूला. बोलणं पाच मिनिटं पूर्ण बंद. यंदा लेकीने घरून नानकटाई नेली होती. मामांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि तूप घरचं का म्हणून विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "माझ्या सुनेने कढवलंय." इतकी वर्षं माझ्या तुपाला त्या बेरी जास्त लागलेलं म्हणत आल्या आहेत.

बाळ पोपटीनंतरच्या आठवड्यात झालं. मुलगा. आईने टोपडं पाठवलं आणि व्हिडिओ कॉल लावायला मला बसवलं. पडद्यावर पिवळ्या लोकरीखाली बाळाचे डोळेच दिसेनात. भाची हसत म्हणाली, "आजी, खूप मोठं झालंय."

"मोठंच करायचं असतं. फेब्रुवारीत बसेल."

"फेब्रुवारीत थंडी कुठे असते गं आपल्याकडे?"

आईने हे कानाआड केलं. "हे राहूदे मग, पुढच्या थंडीला घाल. आत्ताचं मी दुसरं घालते. डोक्याचा घेर सांग, टेपने नीट माप. कानाच्या वरून."

भाची टेप शोधायला उठली, आणि फोन पाळण्यात पडल्यामुळे पुढचा बराच वेळ आम्ही दोघी तिच्या घरातला पंखा बघत बसलो.